हरताळाखालची अक्षरं

'नियमांना हरताळ फासला' हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत आठवड्यातून एकदा तरी छापून येतं. ते लिहिणाऱ्या बातमीदाराने खरा हरताळ डोळ्यांनी पाहिलेला असण्याची शक्यता मात्र थोडीच. हरताळ हे पिवळंधमक खनिज आहे, सोमल आणि गंधक यांचं संयुग, आणि अर्थातच विषारी. ते खलून, डिंकाच्या पाण्यात कालवून लेखनिक दौतीशेजारी ठेवत. पोथी उतरवताना अक्षर चुकलं तर खरवडण्याची सोय नव्हती, कागदाचा पापुद्रा निघून यायचा. म्हणून चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा हात फिरवायचा, तो वाळू द्यायचा आणि वर बरोबर अक्षर लिहायचं. जुना कागद मुळातच पिवळसर, त्यामुळे डाग फारसा उठून दिसत नसे. टायपिस्टच्या टेबलावरच्या पांढऱ्या व्हाइटनरचा हा पणजोबा. (बंद पाळतात तो हरताळ निराळा. तो हाट आणि ताळा, म्हणजे बाजार आणि कुलूप, यांतून आलेला आहे.)

पण हरताळाने अक्षर पुसलं जात नाही, झाकलं जातं. लेप पातळ असेल किंवा त्याचा पोपडा निघाला असेल, तर खालचं अक्षर पुन्हा डोकावतं. पोथ्यांचे अभ्यासक अशा जागी हमखास थबकतात, कारण लेखनिकाच्या हातून आधी काय उतरलं होतं हे तिथे कळतं. झाकणं आणि पुसणं यांतल्या या फरकाने पुढे काही सरकारांना, कंपन्यांना आणि संयुक्त राष्ट्रसंघालाही घाम फोडला. तेव्हा हरताळाची जागा वर्ड नावाच्या प्रोग्रामने घेतली होती, एवढंच.

लेखनिकांकडे हरताळाखेरीज इतरही खुणा होत्या. नको असलेल्या अक्षरांच्या डोक्यावर बारीक ठिपके किंवा रेघा देत, म्हणजे वाचणाऱ्याने ती गाळावीत. राहून गेलेला शब्द समासात लिहून ओळीतल्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करत, तिचं नाव काकपद. शब्द समासात आणि खूण ओळीत. कितवी ओळ ते कळावं म्हणून काही वेळा समासातल्या शब्दाशेजारी ओळीचा आकडाही टाकत. आज वर्डच्या उजव्या समासात फुग्यांमध्ये दुरुस्त्या दिसतात, तिथपासून ओळीपर्यंत तुटक रेघ जाते. तिचं काम तेच आहे.

दुरुस्ती नोंदवण्याइतकीच ती थांबवण्याचीही काळजी घ्यावी लागे. शिवकालीन पत्रात मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' असा लहान शिक्का उठवलेला असतो. मर्यादा इथे संपली, यापुढे कुणी एक ओळही वाढवायची नाही, हा त्याचा रोखठोक अर्थ. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत, तेव्हा मधलाच बंद कुणी बदलू नये म्हणून मागून जोडांवरही शिक्के असत. 'शिक्कामोर्तब' हा शब्द मराठीने तिथूनच उचलला. ग्रंथांना मात्र शिक्का नसतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या तोवर बिघडलेल्या पाठांची शुद्धी केली. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. संतांनाही फाइल कुलूपबंद करावीशी वाटली, यावरून त्या काळी मजकुरात किती हात फिरत असतील याचा अंदाज येतो. अडचण एवढीच झाली, की नाथांनी नेमकं काय बदललं याची नोंद राहिली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी पोथी शोधून ती नाथपूर्व म्हणून छापली. त्या पोथीच्या वयावरून पुढे विद्वानांत बराच खल झाला.

नोंद ठेवून दुरुस्ती कशी करावी याचा वस्तुपाठ पुण्यात घालून दिला गेला, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचं काम तिथे १ एप्रिल १९१९ रोजी सुरू झालं. १९२५ मध्ये ते विष्णु सीताराम सुखटणकरांच्या हाती आलं. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले होते आणि बर्लिनला संस्कृत. त्यांच्या कामात ही दोन्ही शिक्षणं दिसतात. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत देशभरातून पोथ्या जमा झाल्या, आणि एकीचं दुसरीशी जुळेना. एकीत श्लोक आहे तर दुसरीत नाही, तिसरीत आहे पण चार शब्द वेगळे, चौथीत तोच श्लोक दोन अध्याय पुढे सरकलेला.

यावर त्यांनी वापरलेलं हत्यार अगदी साधं होतं, चौकटी आखलेला कागद. वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथीत अक्षर तेच असेल तर काही लिहायचं नाही. वेगळं असेल तर ते वेगळं अक्षर बरोबर मूळ अक्षराच्या खालच्या चौकटीत उतरवायचं. कागदाच्या उजव्या कडेला चार इंच रुंद रकाना मोकळा. पोथीतली खाडाखोड, समासातली भर आणि आधी-नंतर आलेले जादा श्लोक यांची नोंद त्या रकान्यात. जादा मजकूर फारच मोठा असेल तर वेगळ्या कागदावर उतरवून तो कागद त्या जागी जोडायचा. त्या कागदाला तिथे 'शोधपत्र' म्हणत. हे काम एकट्या पुण्यात चाललं नाही, विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महालातही शास्त्रीमंडळी असे कागद भरत बसली होती.

या कागदाकडे आजच्या नजरेने पाहिलं तर तीन गोष्टी लक्षात येतात. मूळ मजकुराला कुणी हात लावत नाही. प्रत्येक बदलाला नेमका पत्ता आहे, अक्षरापर्यंतचा. आणि बदल कुणाचा, तेही लिहिलेलं आहे, कारण प्रत्येक पोथीला स्वतःची खूणअक्षरं आहेत. छापील आवृत्तीतही हे सगळं पानाच्या तळाशी उतरलं, आणि ज्या शब्दांबद्दल संपादकांना पुरती खात्री नव्हती त्यांच्याखाली नागमोडी रेघ आली. आपल्याला शंका आहे हे संपादकाने छापून सांगणं त्या काळी तर धाडसाचंच होतं. सुखटणकर १९४३ मध्ये गेले. पुढे बेलवलकर आणि वैद्य या संपादकांनी काम तडीस नेलं. एकूण १,२५९ पोथ्या, एकोणीस खंड, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते समाप्ती. सत्तेचाळीस वर्षं.

त्याच १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत दुसऱ्या एका जुन्या नोंदपद्धतीला जागा आहे. ती शेतकऱ्याला शास्त्र्यांपेक्षा चांगली कळते. सातबारावर जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर आधीचं नाव पुसून टाकत नाहीत, अलीकडेपर्यंत त्याला कंस करत. बाजूला फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक धरून गाव नमुना सहा उघडला की बदल कधी, कशामुळे आणि कुणाच्या सांगण्यावरून झाला ते वाचता येतं. तलाठी नोंद करतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित तरी करतो किंवा रद्द तरी. वर्डमधल्या 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'रिजेक्ट' या बटणांचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगायचा झाला तर यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

संगणकावर ही गोष्ट आली ती वेगळ्याच गरजेतून. १९७४ च्या सुमाराला झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' नावाचा लेखनाचा प्रोग्राम बांधला. मोठ्या मजकुरात मध्येच एक शब्द घुसवायचा तर पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकवावी लागतात, आणि त्या काळच्या यंत्रांना एवढी दमछाक झेपणारी नव्हती. म्हणून ब्राव्होने युक्ती केली. मूळ मजकूर आहे तसाच ठेवायचा, नवं टंकलेलं वेगळीकडे साठवायचं, आणि एका यादीत फक्त एवढंच लिहायचं की मुळातला इथपासून इथपर्यंतचा तुकडा घ्या, मग नव्यातला हा, मग पुन्हा मुळातला तो. पडद्यावर दिसतो तो या तुकड्यांचा जोड. खोडलेला शब्द कुठेही जात नाही, यादीतून त्याचं नाव तेवढं गळतं.

सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि ही तुकड्यांची यादी त्यांच्याबरोबर गेली. १९८३ मध्ये वर्ड बाजारात आलं. पुढे त्यात 'रिव्हिजन मार्क्स' आले, नवा मजकूर अधोरेखित आणि काढलेला मधून खोडलेला. वकिलांच्या कचेऱ्यांत लाल पेन्सिलीने करारनाम्यावर हेच केलं जायचं, त्याला तिथे 'रेडलायनिंग' म्हणत. वर्ड ९७ मध्ये या सोयीचं नाव 'ट्रॅक चेंजेस' झालं आणि तेच रुळलं. त्याच काळात वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' नावाचीही एक सोय होती. फ्लॉपीवर आख्खी फाइल पुन्हा लिहायला वेळ लागे, म्हणून वर्ड फक्त बदल फाइलच्या शेपटीला चिकटवून मोकळं व्हायचं. परिणाम असा की खोडलेला मजकूर पडद्यावर नसला तरी फाइलमध्ये असायचा, आणि ती फाइल नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रामात उघडली तर वाचताही यायचा. हरताळ, पण पोपडा निघालेला.

मग एकामागून एक पोपडे निघू लागले. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने इराकवरची एक पुस्तिका वर्ड फाइलच्या रूपात जाहीर केली. तिचा मोठा भाग एका संशोधकाच्या प्रसिद्ध लेखातून उचललेला आहे हे केंब्रिजमधल्या एका अध्यापकाने ओळखलं, तेवढ्यानेच सरकारची शोभा झाली. त्यात भर म्हणजे ती फाइल शेवटच्या दहा वेळा कुणी कुणी साठवली त्यांची नावं तिच्यातच नोंदलेली निघाली. ती पोटातली नोंद ना लिहिणाऱ्यांना ठाऊक होती, ना प्रसिद्ध करणाऱ्यांना. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लिनक्सच्या हक्कांवरून खटले भरत सुटलेल्या एससीओ कंपनीने डेमलर क्रायस्लरविरुद्ध दावा लावला. दाव्याची वर्ड फाइल पत्रकारांच्या हाती लागली, तर तिच्यात प्रतिवादी म्हणून आधी बँक ऑफ अमेरिकाचं नाव होतं. १८ फेब्रुवारीपर्यंत वकिलांचा रोख बँकेवर होता, मग तो मोटार कंपनीकडे वळला, हे सगळं तारखेनिशी.

२००५ मध्ये बगदादच्या एका अमेरिकी नाक्यावर इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी गोळीबारात मारले गेले. अमेरिकी लष्कराने चौकशीचा अहवाल पीडीएफ म्हणून प्रसिद्ध केला, गोपनीय ओळींवर काळ्या पट्ट्या ओढून. वाचकांनी त्या पट्ट्यांखालचा मजकूर माउसने निवडला, कॉपी केला आणि दुसऱ्या पानावर चिकटवला. सगळी नावं वाचता आली. इथे तर हरताळाचा रंगच फक्त बदलला होता.

सर्वांत गाजला तो त्याच वर्षीचा मेहलिस अहवाल. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येची चौकशी जर्मन वकील डेटलेव्ह मेहलिस करत होते, संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने. ऑक्टोबरमध्ये अहवाल सुरक्षा परिषदेकडे गेला आणि त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत पत्रकारांपर्यंत पोहोचली. एका परिच्छेदात कटाचा ठपका 'वरिष्ठ लेबनीज आणि सीरियन अधिकारी' अशा मोघम शब्दांत होता. पण फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस जिवंत होते. ते उघडून पाहिल्यावर त्या मोघम शब्दांच्या जागी आधी असलेली नावं दिसली, त्यांत सीरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचा भाऊ आणि मेहुणा. बदल कितीच्या ठोक्याला झाला तेही दिसत होतं, आणि ती वेळ अहवाल सादर होण्याच्या दिवसाचीच निघाली. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली: नावं कुणाच्या दबावाखाली काढली? मेहलिस यांनी खुलासा केला की अहवाल जाहीर होणार हे कळल्यावर, गुन्हा शाबीत न झालेल्यांची नावं छापली जाऊ नयेत म्हणून, आपणच ती काढली. खुलासा पटण्यासारखा होता. पण तो ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, कारण तोवर खोडलेली नावं अहवालापेक्षा मोठी बातमी झाली होती.

सोय करणाऱ्यांनीही धडे घेतले, जरा उशिरा. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये लपलेला मजकूर काढून टाकणारं वेगळं साधन दिलं. २००५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने वर्डमधून पीडीएफ करताना मजकूर खरोखर कसा काढावा यावर मार्गदर्शिकाच काढली. तिचं सार असं, की झाकू नका, काढा. ऑफिस २००७ मध्ये 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर' आला. फाइल बाहेर पाठवण्याआधी तो तिच्या खिशांत हात घालून बघतो. फास्ट सेव्ह त्याच सुमाराला निकालात निघालं. पण २०१३ च्या आवृत्तीत वर्डने 'सिंपल मार्कअप' हे दृश्य आणलं: बदल सगळे झाकलेले, पान स्वच्छ, बाजूला फक्त एक लाल रेघ. वाचायला ते बरं वाटतं, यात शंका नाही. पण जुना घोटाळा त्याने नव्याने चालू केला. पान स्वच्छ दिसतंय म्हणून बदल मंजूर झालेत असं समजून माणूस फाइल पाठवतो, पलीकडच्याच्या यंत्रावर ती उघडते लालेलाल, आणि मग फोन वाजतो.

आता फाइल कुणा एकाची राहिलेली नाही. गूगलने २००६ मध्ये 'रायटली' विकत घेऊन जे डॉक्स उभं केलं, त्यात एकाच पानावर पाच जण एकाच वेळी टंकतात. 'सजेस्टिंग' ही सूचनांची सोय तिथे २०१४ मध्ये आली. वर्डही त्याच वाटेने गेलं, आणि तक्रारींचं रूप पालटलं. 'माझे बदल नोंदलेच गेले नाहीत' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा असं निघतं की कुणीतरी नोंद फक्त स्वतःपुरती चालू केली होती. वर्ड आता 'सगळ्यांसाठी' आणि 'फक्त माझ्यासाठी' असे दोन पर्याय देतं, आणि दुसरा निवडला की बाकीच्यांची खाडाखोड गुपचूप मुळात मिसळते. 'सगळे बदल "ऑथर" नावाच्या एकाच माणसाने केलेत' असं दिसलं तर साठवताना वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा पर्याय चालू राहिलेला असतो. तक्त्यातली काही कामं तर वर्ड नोंदवतच नाही. आधी विचारतं, हा बदल नोंदला जाणार नाही, पुढे जायचं का? आणि घाईतला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. रंगांवरही विसंबू नये. लाल म्हणजे अमुक आणि निळा म्हणजे तमुक हे प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळं ठरतं, त्यामुळे 'लाल दुरुस्त्या घेऊ नका' असा निरोप पाठवणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. नोंदीला कुलूपही आहे, परवलीचा शब्द घालून नोंद बंदच करता येऊ नये असं करता येतं. एकनाथांना ते आवडलं असतं.

नोंद हरवलीच तर उरतो तो सुखटणकरांचा मार्ग: जुनी प्रत, नवी प्रत, आणि अक्षराखाली अक्षर. वर्डचं 'कम्पेअर' हे काम काही क्षणांत करतं. फक्त यंत्र डोळ्याने वाचत नाही, संकेतांक वाचतं, आणि मराठीची गाडी इथेच अडते. एक प्रत जुन्या फाँटमधली असेल, ज्यात मराठी आकार रोमन अक्षरांच्या घरांत कोंबलेले असतात, आणि दुसरी युनिकोडमधली, तर यंत्राच्या लेखी आख्खी फाइलच बदललेली. हे निदान लगेच ध्यानात तरी येतं. खरी फसगत दोन्ही प्रती युनिकोडमध्ये असताना होते. मराठीतला डोळ्याच्या पापणीसारखा 'ऱ' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे कागदावर एकच. लेखकाच्या कळफलकाने पहिली तऱ्हा उमटवली आणि संपादकाच्या कळफलकाने दुसरी, की तुलनेत 'दुसऱ्या' लाल रेघेने खोडलेला दिसतो आणि त्याच्या शेजारी जसाच्या तसा 'दुसर्‍या' नव्याने घातलेला. 'वाऱ्यावर', 'साऱ्यांना', 'करणाऱ्या', 'शेतकऱ्यांच्या', दर दोन ओळींत एक.

संपादक भिंग घेऊन बसला तरी त्याला फरक सापडणार नाही. हरताळाखाली काहीतरी होतं, इथे वरचं आणि खालचं अक्षर एकच आहे. उपाय एवढाच: दोन्ही प्रतींच्या नकला काढायच्या, त्यांतला प्रत्येक 'ऱ्य' आधी एकाच तऱ्हेचा करून घ्यायचा आणि मग पुन्हा तुलना लावायची. लाली ओसरते, आणि लेखकाने खरोखर बदललेली तीनचार वाक्यं तेवढी पानावर उरतात.